अक्कांच्या चुलीवरची माझी भाकर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांची खानावळ होती, ती पाडली. आता तिथं काचेच्या दारांचं हॉटेल उभं राहिलंय. आत गारेगार हवा, बाहेर रंग बदलणारे दिवे. लोक म्हणतात, बरं झालं बाई, गल्लीला शोभा आली. आली असेल. मला त्या शोभेचं काय करायचंय? माझा बाप माझ्या हातचं जेवायचा, ती जगात तेवढी एकच जागा होती.

हे जरा नीट सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाई काहीतरीच बोलतेय, लेकीच्या हातचं जेवायला बापाला खानावळ कशाला लागते?

माझं माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यातलं, सासर जळगावात, मेहरूणच्या अंगाला. आमच्याकडची जुनी माणसं एक रीत पाळायची. लेक दिली, की तिला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. पहिलं नातवंड झालं की रीत सुटली. मग सासरेबुवा खुशाल जावयाच्या ताटाशेजारी ताट लावून बसायचे आणि आग्रह करकरून जेवायचे. बहुतेक घरी दोन-तीन वर्षांत हे आपोआप मिटायचं. हल्ली तर कोण विचारतं म्हणा. माझ्या भावजयीचे वडील लग्नाच्या पाचपरतावण्यालाच आमच्या घरी दोन वेळा जेवून, वर डबा भरून घेऊन गेले होते. पण आमचे आबा म्हणजे आबा. एकदा म्हटलं नाही, की ब्रह्मदेव आला तरी नाही. आणि मला मूल झालं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माहेरी जाऊन वाढायचं त्यांना. जायचे ना. दिवाळीला चार दिवस जायचे, पण भावजय मला चुलीपाशी फिरकू देत नसे. "ताई, वर्षभर करताच ना, चार दिवस तरी बसा." चांगल्या मनाने म्हणायची बिचारी. तिला काय सांगणार, की मला बसायचं नाही, मला माझ्या बापाच्या ताटात एक भाकर टाकायचीय.

आबा पहिल्यांदा आमच्या घरी आले ते लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात. सकाळच्या पॅसेंजरने आले, स्टेशनापासून चालत. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात कैऱ्यांची पिशवी. मी हरखून गेले होते. पहाटेच उठून वरण-बट्टी केली, वांगी भाजून ठेवली, माठात वाळा टाकला. आबा ओसरीवर टेकले, घाम पुसला आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर हात जोडले.

"नही बेटा."

"पाणी तरी घ्या. ऊन केवढं आहे."

"रीत शे," म्हणाले आणि हसले. जसं काही फार मजेची गोष्ट सांगतायत.

आमचे हे तेव्हा नवे जावई, त्यांना काही कळेना. डाळ मिलमध्ये हिशेब बघणारा सरळ माणूस. ते म्हणाले, "आबा, अहो पाणी तर नगरपालिकेचं आहे. त्यात आमचं काय?"

"नळ तुमना घरमा शे ना, जवाईबापू."

आबा उठले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या खानावळीत जाऊन बसले. मी दारात उभी. घरात बट्टी तुपात भिजतेय आणि माझा बाप समोर बाकड्यावर बसून दुसऱ्याच्या हातचं जेवण मागवतोय. मला असं रडू कोसळलं की विचारू नका.

अक्का चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांची खानावळ रस्त्याकडून पूर्ण उघडी, आत तीन चुली ओळीने, त्यामुळे त्यांना सगळी गल्ली दिसायची आणि गल्लीला त्या दिसायच्या. बोदवडकडची बाई. नवरा लवकर गेला, पोर लहान, मग चुलीलाच धरून बसली. आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं उठून जाईल. त्यांनी मला रडताना पाहिलं, आबांना पाहिलं, आणि सगळं ओळखलं. अशा गोष्टी बायकांना सांगाव्या लागत नाहीत.

"काय माय, दारात उभी राहून काय राहिली? इकडे ये. माझा हात भाजलाय. दोन भाकरी थापून दे."

हात कसला भाजलेला. मी गेले. त्यांनी पाट सरकवला, काठवट माझ्यापुढे केली. पीठ त्यांचं, पाणी त्यांचं, चूल त्यांची. मी दादरचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं, पीठ मळलं आणि भाकर थापली. मोठी थापली, आबांना लागते तशी, कडेला पातळ. तव्यावर टाकली, मग निखाऱ्यावर उभी केली, टम्म फुगली. अक्कांनी ती उचलून स्वतः आबांच्या ताटात नेऊन टाकली. त्यांनी नेली म्हणजे खानावळीची झाली.

आबांनी भाकर मोडली. पहिला तुकडा शेवभाजीच्या रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. चुलीकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग ते परत खाऊ लागले. तीन भाकरी खाल्ल्या. निघताना गल्ल्यावर पैसे टाकले, अक्कांना रामराम केला आणि मला म्हणाले, "खानावळ चांगली शे तुमनी." बस्स.

त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं, की त्यांना कळलंय. अक्कांना तर सगळंच कळलं होतं. पण त्या दिवसापासून आम्ही तिघं समोरासमोर असताना याबद्दल एक शब्द निघाला नाही. आबा दर महिन्या-दीड महिन्याला यायचे. आमच्या ओसरीवर बसायचे, माझी, यांची विचारपूस करायचे, कपाशीचं, पावसाचं सांगायचे. जेवायची वेळ झाली की म्हणायचे, "चला, खानावळमा जाई येस." मी मागच्या बोळातून पदर खोचत धावायचे आणि ते बाकड्यावर बसेपर्यंत चुलीपाशी हजर. यांना सुरुवातीला हा प्रकार अजब वाटायचा. नंतर तेही सासऱ्याला सोबत म्हणून समोर बसून जेवू लागले. आपल्याच बायकोच्या हातची भाकर, गल्लीतल्या खानावळीत, रोख पैसे मोजून. शेजारीपाजारी हसायचे. हसू दे.

खानावळ काही महालासारखी नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू. पत्रे तापायचे, भिंती धुराने काळ्या झालेल्या, पाटीवरचं नाव तर केव्हाच पुसलं गेलं होतं. बाकडं एक डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली वीट. उन्हाळ्यात मेथीचं नाव घ्यायचं नाही आणि हिवाळ्यात भरिताशिवाय दुसरं काही मागायचं नाही. मागितलं तर अक्का म्हणायच्या, "घरी कर आणि खा." कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा बुधवारी आणि शनिवारी, कारण बाजारचे लोक यायचे. हात कमी पडले की गल्लीतली कोणतीही बाई येऊन भाकरी थापायला बसायची. त्यामुळे मी तिथं दिसले तर कोणालाच काही वाटायचं नाही. डाळ मिलचे हमाल, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, खेड्यावरून दवाखान्याला आलेली माणसं, सगळी एकाच बाकावर. धूर एवढा, की जेवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. कोण तिखटाने रडतंय, कोण धुराने आणि कोण खरोखरचं, काही पत्ता लागायचा नाही. माझं फावायचं.

कारण मधली वर्षं सोपी नव्हती. इथल्या डॉक्टरांना दाखवून झालं, नाशिकला झालं, मग देवांना दाखवून झालं. दत्तक घेऊ म्हणाले हे, तर सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्या गेल्या तोवर आमचा धीर गेला होता. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवायचे आणि घरी येऊन गप्प बसायचं. आबांनी यातलं कधी काही विचारलं नाही. एका शब्दाने नाही. फक्त दर खेपेला आमच्या घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर एकदा माझ्यावरून फिरायची. कपाळापासून पोटापर्यंत. मग ते उपरणं काढायचे, घाम पुसायचे आणि कपाशीचं बोलायला लागायचे. त्या नजरेचा मला फार राग यायचा. वाटायचं, म्हणावं तोंडावर, आबा, काही नाहीये, तुम्ही आपले मुकाट्याने दोन घास खा आणि या भानगडीतून मला मोकळं करा. माझ्या घराला घर माना. मूल नाही म्हणून काय मी धर्मशाळेत राहते?

एकदा म्हटलंच. चुलीपाशी बसून अक्कांना म्हटलं, आबांसमोर तर नाही. अक्का भाकर उलटत म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या नादी लागू नको. तो येतो ना? येऊ दे. माझी चूल आहे तोवर तुला काय काळजी?"

चूल आहे तोवर. आता तीही नाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात खानावळीचा मागचा कोपरा खचला. पत्रा खाली आला, नशीब, तेव्हा आत कोणी नव्हतं. अक्कांचा मुलगा, त्याला सगळे भाऊ म्हणतात, बांधकामाच्या धंद्यात थोडाफार हात मारतो. तो काही वाईट माणूस नाही. लोकांना वाटतं, आईची खानावळ पाडणारा म्हणजे कोणी राक्षस असेल. अहो, तो माझ्या डोळ्यांसमोर वाढला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, भिंत धरून ठेवून काय करू? एक दिवस माणसावर पडेल. आईच्या छातीत पण धूर भरलाय, डॉक्टर ओरडतात." बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, "पाड बाबा. पण एक चूल ठेव." तो म्हणाला, "ठेवतो की. तुमच्यासाठी एक कोपरा ठेवतो, शब्द देतो."

जेसीबी आला त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. काय बघायचं होतं कोण जाणे. भिंती एका धक्क्यात गेल्या. जिथं आम्ही एवढी वर्षं टेकून बसलो, ती भिंत मातीची निघाली, आत पेंढा. चुली मात्र लवकर तुटेनात. त्यांच्यावर मातीचे थर चढून चढून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. ड्रायव्हरने दोनदा घाव घातला, तिसऱ्यांदा त्या फुटल्या. अक्का शेजारच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा आवाज निघाला नाही. मी शेजारी जाऊन उभी राहिले, त्यांनी माझा हात धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "आता हात कुठे घालू, माय?"

आबांना मी फोनवर सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. पुढच्या खेपेला ते आले तर समोर पत्र्यांचं कुंपण, आत खड्डा, लोखंडाच्या सळ्या.

"बठ्ठं पाडी टाकं?" ते म्हणाले.

"हो आबा, सगळं पाडलं. नवीन बांधतायत."

त्यांनी मान हलवली. जेवायची वेळ झाली तसे उठले, पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी काढल्या, कांदा काढला, मिरची काढली. भावजयीने पहाटे करून दिलेल्या. पाण्याची बाटलीही सोबत. कुंपणालगतच्या निंबाखाली खानावळीचं एक जुनं बाकडं कोणीतरी आणून टाकलं होतं, त्यावर बसून ते जेवू लागले. रस्त्यावर. रहदारीत. माझ्या घरापासून वीस पावलांवर.

मी घरात आले आणि मला राग आवरेना. बाहेर गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, हे काय चाललंय? रस्त्यावर बसून सुनेच्या हातचं शिळं खाताय आणि लेक घरात आहे. गल्ली बघतेय. माझी काही लाज राखाल का नाही?"

ते म्हणाले, "गल्ली काय म्हनी? बाप रीत पाळस, म्हनी."

"रीत, रीत! रीत तुम्हालाच पाळता येते. मला काय येतं? मी काय करू, सांगा ना."

तुकडा त्यांच्या हातात तसाच. पूर्वी मी एवढं कधी बोलले नव्हते त्यांना. मग त्यांनी तो तुकडा फडक्यात परत ठेवला, गाठ मारली, "गाडीना टाईम व्हयना" म्हणाले आणि गेले. गाडीला अजून खूप वेळ होता. स्टेशनावर बसून राहिले असतील उपाशी. त्या दिवशी मीही जेवले नाही.

मग ते दोन-तीन महिने आलेच नाहीत. गुडघे दुखतात म्हणून माझा भाऊ फोनवर सांगायचा. मी रोज शाळेतून येताना कुंपणातून आत डोकावायचे. खांब आले, स्लॅब पडला, फरशी आली. काम लवकर व्हावं म्हणून मी जेवढी घाई करत होते तेवढी अक्कांच्या मुलानेही केली नसेल. गवंडी मला ओळखायला लागले. "मॅडम, झालंच," म्हणायचे. मनात माझं एकच, चूल पेटली की आबांना कळवीन. चूल पेटली की सगळं होतं तसं होईल.

उद्घाटनाच्या दुसऱ्याच रविवारी मी त्यांना बोलावलं. माझ्या भावाने मोटारसायकलवर नरडाण्याला सोडलं, इथं हे स्टेशनावर आणायला गेले. आबा फारच वाकले होते. आमच्या ओसरीवर टेकले तर धाप लागलेली. मी पाण्याचा तांब्या आणला नाही, त्यांनीही बाटली काढून घोट घेतला. त्यांची ती नजर मात्र या वेळी माझ्यावरून फिरली नाही. माझ्या लक्षात आलं, पण घाईत होते, पुढे विचार केला नाही. "चला आबा," मी म्हटलं, "खानावळ सुरू झालीय."

काचेचं दार एका माणसाने उघडून धरलं. आत गेलो तर गार वारा अंगावर. आबांनी उपरणं गळ्याभोवती गुंडाळलं. "कितलं गार शे आठे," म्हणाले. गाद्यांच्या खुर्च्या, भिंतीवर शेतकऱ्याचं आणि बैलजोडीचं भलंमोठं चित्र. गल्ल्याशेजारी सोफ्यावर अक्का बसल्या होत्या. नवं लुगडं, हातात काही नाही. मला बघून त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. मी त्यांना खूण केली, चूल कुठे? त्यांनी नुसतं मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

मागच्या दारावर पाटी, कर्मचाऱ्यांशिवाय प्रवेश नाही. अक्कांचा मुलगा धावत आला. खजील झाला होता. "ताई, चूल नाही जमली. धुराची परवानगी मिळेना, शेजारचे तक्रार करतात. पण मी आचाऱ्याला सांगितलंय, तुम्ही या आत." आत गेले तर चकचकीत स्टीलचे ओटे, गॅसच्या मोठाल्या शेगड्या, टोप्या घातलेले परगावचे आचारी. बसायला जागा नाही, सगळं उभ्याने. म्हटलं, असू दे, उभ्याने थापू. "पीठ द्या," म्हटलं. आचारी म्हणाला, ज्वारीचं पीठ संपलंय, उद्या येईल. तंदुरी रोटी आहे, नान आहे.

आता काय करावं? आबा बाहेर टेबलाशी त्या गारव्यात बसलेले. मी स्वयंपाकघराच्या बोळाकडच्या दाराने निघाले, घरी गेले, आणि आमच्या डब्यातलं दादरचं पीठ एका लहान डब्यात काढलं. घाईत एवढंही सुचलं नाही, की हे आपल्या घरचं पीठ. म्हणजे रीतीप्रमाणे लेकीच्याच घरचं अन्न. चूल दुसऱ्याची असली म्हणून काय? अक्कांच्या खानावळीत एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट मी त्या एका मिनिटात विसरले. सुचलं असतं तरी मी तेच केलं असतं म्हणा. डबा पदराखाली धरला आणि परत आले. बोळाकडचं दार आतून लावलेलं. मग समोरून, काचेच्या दारातून आत शिरले.

दारावरच्या माणसाने हात आडवा केला. "मॅडम, बाहेरचं खाणं आत चालत नाही." तो नवा होता, त्याला काय माहीत? मी म्हटलं, "खाणं नाही रे, पीठ आहे." त्याने पदराकडे बोट दाखवलं, "तेच ना, दाखवा." आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. कोणीतरी हसलं. मी डबा बाहेर काढला. भाऊ गल्ल्यावरून ओरडत येत होता, "अरे सोड, सोड त्यांना." हे उभे राहिले होते. आणि आबा बघत होते. माझ्याकडे नाही, डब्याकडे. तो स्टीलचा डबा माझ्या लग्नात त्यांनीच भांड्यांमध्ये दिला होता. तो कुठल्या घरातला, ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

ते टेबलाचा आधार घेऊन उठले. हळूहळू माझ्यापर्यंत आले. माझ्या हातातला डबा त्यांनी घेतला, झाकण नीट दाबून बसवलं आणि म्हणाले, "चाल बेटा. तुना घर चाल."

मला वाटलं, ओसरीवर बसतील, बाटलीतलं पाणी पितील आणि गाडीला निघतील. घरी आलो. त्यांनी चपला काढल्या, ओसरी ओलांडली आणि आत आले. आजवर ते कधी आतल्या खोलीपर्यंत आले नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून जमिनीवर बसले, डबा माझ्यापुढे सरकवला. "टाक दोन भाकरी. भूक लागनी."

यांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. त्यांनी धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि घटाघटा प्याले. मी बघत राहिले. मग पीठ मळायला बसले. इतकी वर्षं मी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, मूलसुद्धा नंतर नंतर मागायचं सोडलं होतं. एवढंच मागितलं होतं, की माझा बाप माझ्या घरात जेवू दे. पहिली भाकर तव्यावरून काढली, ताटात टाकली, वांग्याची भाजी वाढली, ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भाकर मोडली.

आणि तेव्हा मला समजलं. सकाळी त्यांची नजर माझ्यावरून का फिरली नाही, ते समजलं. पाण्याला हात जोडणारे, रस्त्यावर बसून शिळं खाणारे, गुडघे दुखत असताना पॅसेंजरने येणारे आबा माझ्या घराला कमी लेखत नव्हते. ते थांबले होते. दर खेपेला माझ्या घरी न जेवता जायचे, कारण अजून काही होईल असं त्यांना वाटत होतं. सगळ्यांनी सोडून दिलं, डॉक्टरांनी, देवांनी, यांनी, मी स्वतः, पण एक माणूस नरडाण्याजवळच्या त्या खेड्यात बसून अजून माझ्या मुलाची वाट बघत होता. अक्कांच्या चुलीने त्यांना एवढी वर्षं वाट बघू दिली होती.

घास त्यांनी तोंडाजवळ नेला. मी त्यांचा हात धरला.

"आबा, नका. एवढ्यात नका. पुढच्या खेपेला जेवा ना. मी अक्कांना सांगते, भाऊला सांगते, काहीतरी करतील ते. आज नका जेवू इथं."

हे चकित होऊन माझ्याकडे बघू लागले. आबांना मात्र कळलं. त्यांनी दुसऱ्या हाताने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आते कसानी वाट देखानी, बेटा," ते म्हणाले. "तू बी थकनी, मी बी थकनू."

मग त्यांनी तो घास खाल्ला. दुसरी भाकर मागून घेतली, तिसरीही घेतली. माझ्या घरात, माझ्या हातचं, आबा पोटभर जेवले.